भायखळा, परळ, गिरगाव: वस्ती घटली, मग दारात उभी राहणारी माणसं का घटत नाहीत?

चिंचपोकळीची

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय ते आज लिहून टाकते. लांबण लागणार आहे.

मी चिंचपोकळीच्या चाळीत वाढले आणि लग्न होऊन तीन इमारती पलीकडे आले. गेली सहा वर्षं आम्ही सहा-सातजण दर रविवारी संध्याकाळी परळच्या हॉस्पिटलांबाहेर डाळभात घेऊन जातो. गेल्या रविवारी चोपड्याकडचं एक जोडपं भेटलं. नवऱ्याच्या घशाला नळी, बोलता येत नाही. बाईने फुटपाथवर ताडपत्रीचा तुकडा अंथरलेला, उशाला फाइल. फाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, वरून सुतळीची गाठ. एवढी गाठ कशाला म्हणून विचारलं तर म्हणाली, "पाऊस आला तं पहिले फाइल उचलते, मंग यायले."

ती तीन ठिकाणी जाऊन आली होती. एके ठिकाणी जागा नव्हती. दुसरीकडे भरती असलेल्या पेशंटच्याच नातेवाइकांना खोली मिळते म्हणाले, आणि तिचा नवरा रोज किरणं (रेडिएशन) घेऊन परत येणाऱ्यांतला. तिसरीकडे आधी समाज विचारला. संस्थांची नावं लिहीत नाही. तिघांनीही आपापल्या नियमाने सांगितलं. पण तीन नियमांच्या मधल्या फटीत ती बाई फुटपाथवर राहिली.

घरी येऊन जनगणनेचे आकडे काढून बसले. मुंबई शहर जिल्हा, म्हणजे कुलाब्यापासून सायन-माहीमपर्यंतचा भाग, २००१ साली ३३,३८,०३१ माणसांचा होता. २०११ साली ३०,८५,४११. दहा वर्षांत अडीच लाख माणसं कमी! भायखळा-नागपाड्याचा ई वॉर्ड ४,४०,३३५ वरून ३,९३,२८६ वर. परळ-लालबागचा एफ दक्षिण ३,९६,१२२ वरून ३,६०,९७२. वरळी-लोअर परळचा जी दक्षिण तर ४,५७,९३१ वरून ३,७७,७४९, म्हणजे ऐंशी हजार माणसं गेली. भुलेश्वर-काळबादेवीच्या सी वॉर्डातून जवळजवळ दर पाचातला एक माणूस गेला: २,०२,९२२ चे १,६६,१६१ झाले. वाढले फक्त दोनच वॉर्ड, धारावी-दादरचा जी उत्तर आणि माटुंगा-वडाळ्याचा एफ उत्तर. त्यानंतर शिरगणतीच झाली नाही. पुढची आता १ मार्च २०२७ ही तारीख धरून होणार आहे.

या वॉर्डांत कितीतरी जुन्या धर्मादाय संस्था आहेत. प्रत्येक गल्लीत कुणाचा ना कुणाचा ट्रस्ट, धर्मशाळा, दवाखाना. माणसं कमी झाली, संस्था तेवढ्याच आहेत. मग रविवारी आमचं पातेलं अजून साडेसातलाच का रिकामं होतं?

ज्यांना या भागाची माहिती आहे त्यांनी लिहा. मला खरंच समजून घ्यायचंय.

---

डोंगरीवाला

ताई, आमच्या बी वॉर्डाचे आकडे राहिले, १,४०,६३३ वरून १,२७,२९०. पण कमी झालेली माणसं गरिबी सोबत घेऊन गेली, असं समजू नका. माणसं गेली कारण इमारती बसल्या.

१९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. मालकाला दुरुस्तीत रस उरला नाही. १९६९ साली दुरुस्ती मंडळ आलं, दुरुस्तीसाठी सेस म्हणजे उपकर लागला. तेव्हा शहरात १९,६४२ उपकरप्राप्त इमारती मोजल्या होत्या. पन्नास वर्षांनंतरही हजारो तशाच उभ्या आहेत, लाकडी टेकूंवर. आमच्या जिन्याला चार टेकू आहेत. पोरं टेकूला दप्तर अडकवतात आणि खालच्या पायरीवर बसून अभ्यास करतात, कारण वर दीडशे फुटांत आठ माणसं.

३१ ऑगस्ट २०१७ ला पाकमोडिया स्ट्रीटची हुसैनी बिल्डिंग कोसळली, ३३ जण गेले. त्याआधी सप्टेंबर २०१३ मध्ये माझगावला बाबू गेनू मार्केटची पालिकेची इमारत पडली, त्यात ६१. २०१९ च्या जुलैत आमच्या डोंगरीतली केसरबाई बिल्डिंग. पडलेल्या इमारतीतली माणसं ट्रान्झिट कॅम्पात, म्हणजे तात्पुरत्या घरांत जातात, सायनच्या प्रतीक्षानगरला, नाहीतर पार कांदिवलीला. पोरांची शाळा, बायकांचं काम, मशिदीतून मिळणारं रेशन, मोहल्ल्यातल्या ट्रस्टची स्कॉलरशिप हे सगळं इथल्या पत्त्याला बांधलेलं. तिकडे गेलं की तिकडचे म्हणतात तुम्ही डोंगरीचे, इकडचे म्हणतात तुम्ही आता इथे राहत नाही.

माझी चुलत बहीण चौदा वर्षं अशी राहिली. तिच्या मुलाची फी शेवटी आम्ही घरातल्यांनीच भरली.

---

कांदेवाडी_ते_विरार

आम्ही सी वॉर्डातून गेलेल्या त्या ३६ हजारांच्याही आधी गेलो. १९९८ च्या आसपास पागडी सोडली, आलेल्या पैशात विरारला वन रूम किचन. आई शेवटपर्यंत डोळ्यांच्या औषधासाठी ५:४८ ची लोकल पकडून गिरगावातल्या त्याच धर्मादाय दवाखान्यात जायची. विरारला तसा दवाखाना नव्हता.

---

निवृत्त_मास्तर

मी पालिकेच्या शाळेत होतो. २०११ ला ई वॉर्डात प्रगणक म्हणून काम केलं आहे, म्हणून दोन शब्द.

मदनपुऱ्यात एक गाळा होता, बॅगा शिवायचा. खाली सहा मशिनं, वर लाकडी पोटमाळा. रात्री मशिनवर चादरी टाकून चौदा पोरं झोपायची, बहुतेक बिहारची. भिंतीवर खिळ्यांची रांग, प्रत्येकाच्या खिळ्याला एक पिशवी, त्यात त्याचा सगळा संसार. मी विचारलं इथे किती दिवस? कुणी तीन वर्षं, कुणी पाच. नाव लिहू म्हटलं तर म्हणाले, "मास्टरजी, घर में लिखा दिया है." शेठ दारात उभा. नियमाप्रमाणे ज्याचा मुक्काम जिथे त्याची नोंद तिथे व्हायला हवी, पण चौदापैकी चौघांनी नाव सांगितलं. बाकीचे माझ्या कागदावर नाहीत.

२८ फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी होती. एका रात्रीत सगळं उरकायचं. जेजेच्या पुलाखाली आम्ही बॅटरी घेऊन फिरलो. झोपलेल्या माणसाला उठवून वय विचारणं अवघड असतं हो. काही जण पोलिस समजून पळाले. मी जेवढ्यांना गाठलं तेवढ्यांची नोंद मनापासून केली, पण सुटले किती ते मला माहीत आहे.

म्हणून ताई, ३,९३,२८६ हा आकडा दाराला कडी असलेल्यांचा आहे असं समजा. तुमच्या पातेल्यापाशी येणाऱ्यांपैकी पुष्कळांना कडीच नाही.

---

नागपाडा_जंक्शन

मास्तर, नमस्कार. तुम्ही लिहिलंत त्याला एक जुना धागा आहे, तो सांगतो.

१९८४ साली भायखळ्यात स्पार्क ही संस्था सुरू झाली, पालिकेच्या दवाखान्यामागच्या एका गॅरेजमध्ये. त्या वेळी फुटपाथवरच्या झोपड्या हटवायचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात होतं. १९८५ च्या निकालात कोर्ट म्हणालं की उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, पण नोटीस देऊन झोपड्या हटवता येतील. फुटपाथवर किती जण राहतात याचा कुणाकडे धड हिशेबच नव्हता. स्पार्कने ई वॉर्डात स्वतः शिरगणती केली, सुमारे सहा हजार कुटुंबांची. त्या वेळी अनेकांना वाटायचं की हे लोक कालपरवा आलेले आहेत आणि उद्या जातील. मोजल्यावर कळलं की कित्येकजण वर्षानुवर्षं त्याच जागी आहेत आणि कामावर चालत जाता यावं म्हणूनच तिथे आहेत. पुढे त्यातल्याच बायकांनी महिला मिलन उभं केलं, रोज रुपया-दोन रुपये बचत करत. त्यांच्यातल्या बऱ्याच कुटुंबांना शेवटी मानखुर्दला घरं मिळाली.

आणखी एक. समाजकार्याचं शिक्षण देणारी देशातली पहिली संस्था, आज देवनारला असलेली टाटा समाजविज्ञान संस्था, १९३६ साली आमच्या नागपाड्यातच सुरू झाली. क्लिफर्ड मॅनशार्ट नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याने इथे नेबरहुड हाउस काढलं होतं, तिथे. दवाखाना, वाचनालय, मैदान, सगळ्या धर्मांच्या पोरांसाठी एकच दार. आमच्या वडिलांच्या पिढीने तिथे बास्केटबॉल खेळला, आम्हीही खेळलो. "शेजार" हाच त्या कामाचा पाया होता. तुम्ही इथे राहता एवढं पुरे, बाकी काही विचारायचं नाही.

आज त्याच शेजारात किती ट्रस्ट आधी आडनाव विचारतात!

---

खेतवाडीचा_विश्वस्त

थोडी दुसरी बाजू मांडतो. मी आमच्या ज्ञातीच्या एका छोट्या ट्रस्टचा विश्वस्त आहे. वर्षाला पंचवीस-तीस मुलांना फी, चार-पाच वृद्धांना औषधं, एवढंच आमचं काम.

समाज विचारणं वाईट दिसतं, मान्य. पण हे आलं कुठून ते पाहा. १८९६ ला मांडवीत प्लेग सुरू झाला तेव्हा लोक सरकारी इस्पितळात जायला तयार नव्हते. मग ज्या त्या समाजाने आपापली प्लेगची इस्पितळं काढली आणि माणसं विश्वासाने तिथे गेली. आपल्या माणसाकडे मागताना मान खाली जात नाही, ही गोष्ट खरी आहे. आमच्याकडे येणाऱ्या एका विधवा मावशी दुसऱ्या कुणाच्या दारात पाऊल टाकणार नाहीत.

दुसरं म्हणजे कायदा. ट्रस्ट ज्या उद्देशाने नोंदला त्याबाहेर विश्वस्ताला एक रुपया खर्च करता येत नाही. आमचं न्यासपत्र १९३१ चं आहे, त्यात ज्ञातीचं नाव स्पष्ट लिहिलंय. आयकराच्या नियमाप्रमाणे १ एप्रिल १९६२ नंतर एखाद्याच जातीसाठी किंवा धर्माच्या लोकांसाठी धर्मादाय ट्रस्ट काढला तर त्याला करसवलत मिळत नाही. त्याआधीचे जुने ट्रस्ट त्यातून सुटले. आणि जुने ट्रस्ट कुठे आहेत? गिरगाव, भुलेश्वर, भायखळा, माझगाव. म्हणून या वॉर्डांत अशी दारं जास्त दिसतात. आज नवा ट्रस्ट निघतो तो बहुधा सगळ्यांसाठी निघतो, पण त्याला गिरगावात जागा परवडत नाही.

उद्देश बदलता येतो. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ५५ मध्ये तशी वाट आहे, मूळ हेतू पार पाडणं शक्य किंवा हितावह राहिलं नसेल तर न्यायालयाकडून. आमची ज्ञाती आता निम्मीअधिक बोरिवली-ठाण्याला गेली. दोन वर्षांपासून मी बैठकीत हा विषय काढतोय. वयस्कर मंडळींना वाटतं पूर्वजांचा शब्द मोडतोय. मला तसं वाटत नाही. ज्या आजोबांनी पैसे ठेवले त्यांनी आपल्या गल्लीतलं दुःख पाहून ठेवले होते, आणि त्यांच्या काळी गल्लीत सगळे आपलेच होते.

---

नागपाडा_जंक्शन

@खेतवाडीचा_विश्वस्त, तुमचं शेवटचं वाक्य पटलं. तो १९६२ चा मुद्दा मला माहीत नव्हता.

---

लालबागची_सुनंदा

जी दक्षिण आणि एफ दक्षिणबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत होते. माझी आई खाणावळ चालवायची. गावाहून एकटे आलेले गिरणी कामगार आमच्या खोलीत पाळीपाळीने जेवायचे, पहिल्या पाळीचे अकराला, रातपाळीचे सकाळी. भिंतीला टेकून सोळा पितळी ताटं असायची. संपानंतर पहिल्या महिन्यात आईने उधारीची वही काढली. सहाव्या महिन्यात ती वही भरली. मग एकेक माणूस "गावाला जाऊन येतो" म्हणून गेला. आईने ती वही कुणाला कधी दाखवली नाही. ताटं मात्र एकेक करून विकली.

अशा खाणावळवाल्या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ सालीच एकत्र आणलं होतं, अन्नपूर्णा महिला मंडळात. सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळायला लागलं ते तिथून. आईला मिळालेल्या कर्जावर ती संपानंतर पोळीभाजीचे डबे करू शकली, म्हणून आम्ही तिघी बहिणी शिकलो. त्या मंडळाने आईला फुकट काही दिलं नाही. तिच्या हातात होतं त्याच कामाला भांडवल मिळवून दिलं.

ऐंशी हजार माणसं वरळी-लोअर परळमधून गेली त्यात आमचे किती मामा-काका असतील! गिरण्यांच्या जागी टॉवर आले. बीडीडी चाळींतल्या १६० फुटांच्या खोल्यांच्या जागी ५०० फुटांची घरं यायला लागली याचा मला मनापासून आनंद आहे, माझी मावशी वरळीला त्याच आशेवर आहे. पण दोन टॉवरांच्या मधल्या चाळीत अजून एकट्या म्हाताऱ्या आहेत. मुलं डोंबिवलीला, ह्या खोली सोडत नाहीत कारण सोडली तर हक्क जाईल अशी भीती. केशरी कार्ड, पेन्शन नाही, तिसरा मजला, संडास मजल्याच्या टोकाला. त्यांना झोपडपट्टीसाठीच्या योजनेत धरत नाहीत, कारण ही झोपडपट्टी नाही.

---

आकडेमोड

सुनंदाताई, तुमचं शेवटचं वाक्य हेच मोजणीचं दुखणं आहे. २००१ ला मुंबईतले ५४ टक्के लोक झोपडपट्टीत राहत होते, त्यामुळे वंचना म्हटलं की सगळे झोपडपट्टीचा नकाशा उघडतात. सी वॉर्डात तो नकाशा जवळजवळ कोरा आहे. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात सर्वांत खाली गोवंडी-मानखुर्दचा एम पूर्व होता, निर्देशांक ०.०५, आणि सर्वांत वर डी वॉर्ड, ०.९६. एम पूर्वकडे लक्ष गेलं ते योग्यच झालं. पण डी वॉर्डात मलबार हिल आहे तसा फॉकलंड रोडही आहे. त्या रस्त्यावरच्या बाईला ०.९६ चं काय करायचं?

शेजारच्याच कामाठीपुऱ्यात प्रेरणा संस्थेने १९८८ साली रात्रीचं पाळणाघर सुरू केलं. रात्रीचं, कारण आई कामावर असते ती रात्री, आणि मूल त्याच खोलीत. वॉर्डाच्या सरासरीत ही गरज दिसलीच नसती. कुणीतरी रात्री त्या गल्लीत जाऊन पाहिली म्हणून कळली.

---

वॉर्ड_नंबर_बारा

मी एका हॉस्पिटलात मेडिकल सोशल वर्कर आहे. चिंचपोकळीच्या ताईंनी सांगितलेल्या जोडप्यासारखी रोज दहा-बारा घरं माझ्या टेबलापाशी येतात, म्हणून कामाचं तेवढं सांगते.

धर्मादाय म्हणून नोंदलेल्या खासगी हॉस्पिटलांना त्याच विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ अअ आणि २००६ च्या उच्च न्यायालयाच्या योजनेप्रमाणे दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम त्यासाठीच्या निधीत टाकावी लागते. इथे जात, गाव, वॉर्ड काही विचारायचं नसतं, उत्पन्न फक्त. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड किंवा दारिद्र्यरेषेचं कार्ड एवढं हवं. गावाहून निघतानाच दाखला काढून आणा, हे प्रत्येकाला सांगा. पेशंट इथे आणि तहसील चोपड्याला, अशा वेळी एका कागदासाठी माणूस दोन दिवस गाडीत घालवतो. सरकारी-पालिकेच्या हॉस्पिटलांत समाजसेवा विभागात गरीब पेशंटसाठी पुअर बॉक्स निधी असतो, तोही विचारावा. लाजू नये.

राहण्याचं म्हणाल तर परळची नाना पालकर स्मृती समिती आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा ही दोन नावं आम्ही सर्वांत आधी सांगतो. गाडगेबाबांनी धर्मशाळा बांधल्या त्या याच लोकांसाठी. पण खोल्या मोजक्या आणि किरणं सहा-सहा आठवडे चालतात. एक खोली रिकामी व्हायला वेळ लागतो. यात कुणाचा दोष नाही.

खरी अडचण अशी की आज कुठे किती जागा आहे हे एका ठिकाणी कळत नाही. मी रोज सकाळी फोन लावते. माझ्या शेजारच्या हॉस्पिटलातली मैत्रीण तेच फोन तासाभराने लावते.

---

निवृत्त_मास्तर

बेघरांच्या निवाऱ्यांचंही सांगून ठेवतो. सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेलं प्रमाण दर लाख वस्तीमागे एक निवारा असं आहे. ई वॉर्डाच्या ३,९३,२८६ ला चार होतात. पण मी कागदावर न घेऊ शकलेली माणसं त्या भागाकारातही नाहीत. वस्ती घटली की निवारेही घटणार. म्हणून २०२७ ला प्रगणक दारात येतील तेव्हा गाळ्यातल्या पोरांना, पुलाखालच्यांना आधीपासून समजवायला हवं. तेवढं मी अजून करू शकतो, पाय चांगले आहेत.

---

चिंचपोकळीची

सगळ्यांचे मनापासून आभार. दोनदा वाचलं, सुनंदाताईंचं तीनदा.

मला वाटत होतं की पैसा कमी पडतोय. आता दिसतंय की प्रत्येक दार एकेका यादीसाठी उघडतं, कुणाची यादी पत्त्याची, कुणाची समाजाची, कुणाची भरती पेशंटची. आणि चोपड्याची बाई, गाळ्यातली पोरं, ट्रान्झिटमधली बहीण, तिसऱ्या मजल्यावरची आजी यांतलं कुणी धड एकाही यादीत बसत नाही.

आम्ही एक वही सुरू करतोय. नाव लिहायचं नाही. कुठून आले, कुठे कुठे जाऊन आले, काय कारण सांगितलं, शेवटी रात्र कुठे काढली, एवढेच चार रकाने. महिन्याने ती वही विश्वस्तकाकांना त्यांच्या बैठकीसाठी देईन. 'तुमच्या गल्लीत हे लोक आले होते' असं दाखवता आलं तर ज्येष्ठ मंडळी कदाचित ऐकतील. वॉर्ड नंबर बारा ताई, तुमचे सकाळचे फोन आणि तुमच्या मैत्रिणीचे फोन एकाच ग्रुपवर टाकता येतील का? रोज आठला कुठे किती जागा, इतकंच. आमच्यातला एकजण ते रोज लिहून काढायला तयार आहे.

त्या जोडप्याला काल दादरला जागा मिळाली, नऊ दिवसांनी. बाईने पिशवीची गाठ सोडली नव्हती अजून, खोलीत गेल्यावर फाइल गादीखाली ठेवली.

---

वॉर्ड_नंबर_बारा

हो, टाकते. उद्यापासून. डोंगरीवाल्या दादांनी ट्रान्झिट कॅम्पातल्या पेशंटना माझ्याकडे पाठवावं, पत्त्याचा कागद जुना असला तरी चालेल, उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा हवा.

---

डोंगरीवाला

पाठवतो. आणि मास्तर, मदनपुऱ्यातले दोन गाळेवाले माझ्या ओळखीचे आहेत. शुक्रवारी नमाजनंतर पोरं मोकळी असतात, तेव्हा याल का?

---

निवृत्त_मास्तर

येतो. तीन वाजता, मराठा मंदिरच्या समोर उभा राहीन.